ख्रिस्ताडेल्फियन समाजातलं रोजचं बायबल वाचन

ख्रिस्ताडेल्फियन हा एक लहानसा ख्रिस्ती पंथ आहे, जगभर मिळून साधारण ५० हजार माणसं. नाव ग्रीक शब्दांवरनं केलेलं, अर्थ 'ख्रिस्तातले भाऊ'. पाद्री नाही, बिशप नाही, मुख्यालय नाही. मग धरून काय ठेवतं या लोकांना? तर रोजचं वाचन. सगळ्यांनी एकाच दिवशी बायबलचे तेच तीन भाग वाचायचे, मग तुम्ही बर्मिंगहॅमला असा नाहीतर कोल्हापुरात राजारामपुरीच्या बोळात. ही नोंद मुख्यतः त्या वाचनाची आहे, पंथाची बाकीची माहिती लागेल तेवढीच घेतलीय.

वाचनाचा तक्ता

तक्त्याचं नाव बायबल कम्पॅनियन. तो केला रॉबर्ट रॉबर्ट्स या स्कॉटिश माणसानं, १८५३ च्या सुमारास, तेव्हा त्याचं वय होतं १४ वगैरे, म्हणजे आपल्याकडं नववीतलं पोरगं. पुढं त्यानंच तो सुधारत नेला. रचना साधी आहे, रोज तीन भाग, पहिले दोन जुन्या करारातले आणि तिसरा नव्या करारातला. १ जानेवारीला उत्पत्ती १ आणि २, स्तोत्रसंहिता १ आणि २, मत्तय १ आणि २. असं करत करत डिसेंबर संपताना एकीकडं ईयोब, दुसरीकडं मलाखी, तिसरीकडं प्रकटीकरण संपतं. वर्षात जुना करार एकदा होतो आणि नवा करार दोनदा. हिशोब घातला तर जुन्या कराराचे ९२९ अध्याय अधिक नव्याचे २६० दुप्पट, मिळून १४४९, म्हणजे दिवसाला चारच्या आसपास अध्याय. मोठ्यानं वाचायला अर्धा तास तरी जातोच. स्तोत्र ११९ एकट्याचीच १७६ वचनं आहेत, ते मात्र तोडून काही दिवसांत वाटून दिलंय.

यातली खरी गंमत तीन भाग एकदम चालण्यात आहे. एकाच सकाळी गणना या पुस्तकातले बळी द्यायचे नियम, मग नीतिसूत्रातला आळशाला दिलेला टोला आणि वर पौलाचं एखादं पत्र, असं समोर आलं की माणूस आपोआप दुवे जुळवायला लागतो, आणि या लोकांचा सगळा अभ्यास त्या दुव्यांवरच उभा आहे. अर्थात कधी कधी दुवा नसतोच तिथं पण काढतात, हे माझं मत, त्यांना पटणार नाही.

माझ्या ओळखीच्या एका कोल्हापुरी घरात हे वाचन मी बसून बघितलंय. सकाळी पावणेसात, गॅसवर चहा, दूधवाला येऊन गेलेला, आणि जेवणाच्या टेबलावर चार बायबलं. तक्त्याची झेरॉक्स फ्रिजवर चिकटवलेली, घडीवर फाटली म्हणून मागनं सेलोटेप. प्रत्येकानं चार-चार वचनं वाचायची आणि पुढच्याकडं द्यायचं. घरातल्या आत्या कोल्हापुरी बायकांच्या पद्धतीनं "आता मी वाचतो" म्हणतात आणि एकदम खणखणीत छापील मराठीत सुरू होतात, कारण मराठी बायबलची भाषा तशीच आहे, 'तो म्हणाला' आणि 'तेव्हा असे झाले की'. त्यांच्या बायबलच्या समासात पेन्सिलीनं इतकं लिहिलंय की मूळ छपाईपेक्षा समासच जास्त भरलेला, निळी पेन्सिल वचनांसाठी म्हणजे देवानं दिलेल्या शब्दांसाठी, लाल पापासाठी, हिरवी देवाच्या राज्यासाठी. समासात असं टिपून ठेवणं या पंथात जगभर चालतं, रंगांचा नियम मात्र ज्याचा त्याचा.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजायला पारायण आठवलं तरी पुरे. नरसोबाच्या वाडीला किंवा घरी बसून गुरुचरित्राचा सप्ताह करतात, सात दिवस, सोवळं, ठरलेले अध्याय, मधे उठायचं नाही. इथं पण ठरलेले अध्याय आहेत पण सोवळं नाही, फळ मिळावं म्हणून नाही, समाप्ती नाही, आणि मुख्य म्हणजे मधेच थांबवून प्रश्न विचारायची मुभा आहे, नव्हे, विचारला नाही तर मोठी माणसं नाराज होतात. त्या दिवशी उपदेशक ९ चालू होता तर कॉलेजला जाणाऱ्या भाच्यानं विचारलं, "आत्या, अधोलोक म्हणजे नरकच काय?" "नाही रं, थडगं. मेलेल्यांना काही कळत नाही असं वरच पाचव्या वचनात वाचलंस की आत्ता." चहा गार झाला पण विषय संपला नाही.

शब्दांची भानगड

त्या एका प्रश्नात पंथाची निम्मी शिकवण येते. ख्रिस्ताडेल्फियन मानतात की माणसात अमर असं काही नसतं. मेला की मेला, झोपेसारखं, आणि आशा फक्त पुनरुत्थानाची, येशू पृथ्वीवर परत येईल, मेलेल्यांना उठवेल आणि यरुशलेमेतनं राज्य करेल. मेल्याबरोबर स्वर्गात जाणं नाही, जळणारा नरक नाही. इंग्रजी वाचणाऱ्यांना उत्पत्ती २:७ मधल्या 'सोल' या शब्दाशी झगडावं लागतं, मराठीत तिथं सरळ 'जीवधारी प्राणी' असं आहे, त्यामुळं निदान त्या वचनापुरतं मराठी वाचकाचं काम सोपं. पण बाकी आयुष्य अवघड! आजूबाजूला सगळीकडं आत्मा अमर आहे, गल्लीतल्या प्रत्येक श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर 'आत्म्यास शांती लाभो' आहे, आणि नावाआधी 'कै.' म्हणजे कैलासवासी लावल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. त्या घरात आजोबांच्या फोटोखाली नुसत्या दोन तारखा आहेत. मराठी ख्रिस्ती लोक थडग्यावर 'प्रभूमध्ये निद्रिस्त' लिहितात, तो शब्दप्रयोग मात्र यांना अगदी चपखल बसतो.

दुसरा वादाचा शब्द सैतान. त्यांच्या मते तो शिंगंवाला कुणी नाही, माणसातली पापाची ओढ आणि देवाला विरोध करणारं जे जे काही, त्याला बायबल ते नाव देतं. आणि तिसरी गोष्ट, त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे ते मानत नाहीत. देव एक, पिता. येशू त्याचा पुत्र, पण मरियेच्या पोटी जन्मायच्या आधी तो कुठं नव्हता. पवित्र आत्मा म्हणजे देवाचं सामर्थ्य. या तिसऱ्या मुद्द्यामुळंच बहुतेक चर्च त्यांना आपल्यात धरत नाहीत. कोल्हापुरातली ख्रिस्ती परंपरा अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ साली इथं आला तेव्हापासनंची, पुढं ती प्रेसबिटेरियन मिशनच्या वळणाची झाली, वाइल्डर मेमोरियल चर्च त्याच माणसाच्या नावानं आहे. तिथल्या उपासनेत वाढलेल्या माणसाला हे ऐकून धक्का बसतो, साहजिक आहे.

इतिहास

पंथ सुरू केला जॉन थॉमसनं, जन्म लंडन १८०५, पेशानं डॉक्टर. १८३२ साली जहाजानं अमेरिकेला निघाला, वाटेत वादळ, जहाज फुटतंय अशी वेळ, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की मेल्यावर काय होतं हे आपल्याला ठामपणे माहीत नाही. वाचलो तर शोधून काढीन असं त्यानं ठरवलं. पुढची पंधरा वर्षं अमेरिकेतला धर्मसुधारक अलेक्झांडर कॅम्पबेल याच्या मंडळींत राहून, भांडून, १८४७ ला त्यानं पुन्हा बाप्तिस्मा घेतला. पंथाला नाव मिळालं १८६४ मध्ये, तेही लढाईमुळं. अमेरिकेत यादवी चालू होती आणि सैन्यातनं सूट हवी तर संघटनेचं नाव सांगा असं सरकारचं म्हणणं, म्हणून हे नाव घडवलं. त्याच वर्षी रॉबर्ट्सनं बर्मिंगहॅमला मासिक काढलं, ते १८६९ पासनं पंथाच्या नावानं निघतं. थॉमस १८७१ ला गेला, रॉबर्ट्स १८९८ ला. त्याच १८९८ च्या आसपास न्यायाच्या दिवशी नेमकं कोण कोण उठणार यावरनं फूट पडली आणि उत्तर अमेरिकेत त्याचे दोन गट अजूनही आहेत. एवढं बारकाईनं वाचणारे लोक बारकाव्यावरच भांडणार, दुसरं काय. थॉमसनं येशूच्या येण्याचा अंदाज १८६६-६८ च्या सुमाराचा बांधला होता, तोही चुकला. पण वाचन कुणी सोडलं नाही.

रविवार आणि बाकीचे दिवस

एकत्र जमणाऱ्या गटाला ते 'एक्लेसिया' म्हणतात, चर्च म्हणत नाहीत. मराठीत याला वेगळा शब्द शोधायलाच नको, मराठी बायबलात त्या ग्रीक शब्दाला आधीपासनं 'मंडळी' आहे, आणि आपण कुणालाही 'काय मंडळी' म्हणतोच. रविवारी भाकर मोडणं, म्हणजे प्रभुभोजन, ते दर आठवड्याला. पगारी सेवक नसल्यामुळं मंडळीतले पुरुष आळीपाळीनं बोलतात, बहुधा त्या दिवशीच्या तक्त्यातल्याच वाचनावर, बायका डोक्यावर पदर नाहीतर ओढणी घेतात. पाच माणसं असली तरी होतं, दिवाणखान्यात होतं. त्या घरात शनिवारी रात्री काळ्या मनुका भिजत घालतात आणि सकाळी कुस्करून गाळतात, तोच द्राक्षरस. पाव बेकरीतला. मधे कधीतरी आठवड्यातनं एकदा बायबल क्लास, त्यात एकच पुस्तक घेऊन महिनोन्महिने.

एकमेकांना ब्रदर-सिस्टर म्हणायची पद्धत आहे, पण सिस्टर म्हटलं की आपल्याला मिरजेच्या दवाखान्यातली नर्स आठवते, म्हणून घरात आत्या, काका, दादा हेच चालतं.

व्यवहारात सगळ्यात खटकणारी गोष्ट म्हणजे ते मत देत नाहीत. आपण येणाऱ्या राज्याचे नागरिक, इथं पाहुणे, कायदा पाळायचा, टॅक्स भरायचा, पण राज्य चालवण्यात हात घालायचा नाही, अशी भूमिका. सैन्यात आणि पोलिसात पण जात नाहीत, पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये सक्तीची भरती आली तेव्हा यासाठी त्यांना लवादापुढं उभं राहावं लागलं. आता कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात, जिथं साखर कारखान्याच्या निवडणुकीला सख्खे भाऊ दोन पॅनेलमध्ये असतात, तिथं "आम्ही मतदान करत नाही" हे सांगणं म्हणजे चेष्टाच वाटते लोकांना. भाच्याला मित्र विचारतात, लेका मग तू नक्की कुणाचा? शपथ पण घेत नाहीत, मत्तय ५ मध्ये नाही म्हटलंय म्हणून, पण ती अडचण फार नाही, आपल्या कायद्यात शपथेऐवजी 'गांभीर्यपूर्वक दृढकथन' चालतं.

यहोवाचे साक्षीदार आणि हे एकच, असा समज सगळीकडं आहे. त्रैक्य न मानणं, अमर आत्मा आणि जळणारा नरक न मानणं, मत न देणं आणि युद्धाला नकार, हे सारखं आहे खरं. पण साक्षीदारांचं सगळं वरनं ठरतं, इथं प्रत्येक मंडळी स्वतंत्र. साक्षीदार सैतान खरोखरचा मानतात आणि येशू जन्माआधी स्वर्गात होता असंही मानतात, ही दोन्ही इथं नाहीत. यांच्यात दारोदार फिरण्यावर तसा भर पण नाही.

बाप्तिस्मा

लहान बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. मोठं होऊन, समजून घेऊन, स्वतः मागितला पाहिजे, आणि त्याआधी दोन-तीन अनुभवी माणसं बसून प्रश्न विचारतात, देव कोण, मरण काय, अब्राहामाला दिलेलं वचन कोणतं, पुनरुत्थान कधी. परीक्षाच म्हणा. उत्तरं बायबलमधनं दाखवता आली पाहिजेत. मग पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा. त्या घरातल्या मुलीचा झाला तो एका नातेवाइकांच्या शेतातल्या हौदात, मोटर लावून हौद भरून घेतला, पाणी इतकं गार की तिचे दात वाजत होते आणि कडेला उसात उभं राहून दोन कामगार बघत होते. दुसऱ्या दिवशी तक्त्यात १ इतिहासातली वंशावळ आली, नुसती नावंच नावं, आणि पहिल्यांदा सुरुवात तिच्याकडनं करवली.