६ फेब्रुवारी : क्रीडा, संगीत आणि राजकारणातील स्मरणाची तारीख

६ फेब्रुवारी हा ग्रेगोरियन दिनदर्शिकेतील वर्षाचा ३७ वा दिवस. यानंतर साध्या वर्षात ३२८ आणि लीप वर्षात ३२९ दिवस उरतात. दिनविशेषांच्या याद्यांत या तारखेखाली ‘घटना’, ‘जन्म’, ‘मृत्यू’ असे तीन रकाने असतात आणि खेळाडू, गायक, राजे त्यांत एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे ओळीने बसलेले दिसतात. ६ फेब्रुवारीची गोष्ट मात्र रकान्यांत मावत नाही. राजा गेला म्हणून कसोटी सामना थांबला तो या तारखेमुळे, आणि गायिका गेली म्हणून खेळाडूंनी दंडाला काळ्या फिती बांधल्या त्याही याच तारखेला. या दिवसाच्या बहुतेक आठवणी कुठल्या ना कुठल्या मैदानावर येऊन पोहोचतात.

पहिले मैदान मद्रासचे, चेपॉकचे. ६ फेब्रुवारी १९५२ रोजी तिथे भारत आणि इंग्लंड यांच्यातला पाचवा व शेवटचा कसोटी सामना सुरू झाला. कानपूरची चौथी कसोटी जिंकून इंग्लंड मालिकेत पुढे होते. भारताने पहिली कसोटी १९३२ साली खेळली होती. वीस वर्षे लोटली, हा पंचविसावा सामना, आणि विजय अजून एकही नव्हता. इंग्लंडचा कर्णधार नायजेल हॉवर्ड आजारी असल्याने डोनाल्ड कार याने नेतृत्व केले आणि नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. त्याच दिवशी राजे सहावे जॉर्ज यांचे निधन झाल्याचे लंडनमध्ये जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी खेळ झाला नाही. सामन्यातला विश्रांतीचा दिवसच पुढे ओढून घेण्यात आला. सहावे जॉर्ज हे हिंदुस्थानचे अखेरचे सम्राट. भारत प्रजासत्ताक होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक चालू होती. मतपेट्या भरत असलेल्या देशाने जुन्या सम्राटासाठी एक दिवस बॅट खाली ठेवली, यातला मोठेपणा नोंदवून ठेवावा असाच आहे.

खेळ पुन्हा सुरू झाल्यावर दया मात्र दाखवली गेली नाही. डावखुरे फिरकी गोलंदाज विनू मंकड यांनी पहिल्या डावात ५५ धावांत ८ बळी घेतले. त्यांतले चार फलंदाज यष्टिरक्षक प्रबीर सेन यांनी यष्टिचीत केलेले. फलंदाज पुढे सरसावतो, चेंडू हवेत किंचित घुटमळतो, वळतो, आणि फलंदाज मागे वळून पाहीपर्यंत बेल्स उडालेल्या असतात: एका डावात हे चारदा घडले. इंग्लंडचा डाव २६६ धावांत आटोपला. भारताने पंकज रॉय (१११) आणि पॉली उम्रीगर (नाबाद १३०) यांच्या शतकांच्या बळावर ९ बाद ४५७ धावांवर डाव घोषित केला. दुसऱ्या डावात मंकड आणि गुलाम अहमद यांनी प्रत्येकी चार बळी घेतले, इंग्लंड १८३ धावांत गारद झाले, आणि १० फेब्रुवारीला भारताने एक डाव आठ धावांनी आपला पहिला कसोटी विजय मिळवला. मालिका १-१ अशी बरोबरीत सुटली. कर्णधार होते सांगलीत जन्मलेले विजय हजारे.

इंग्लंडमध्ये याच दिवशी दुसरी एलिझाबेथ गादीवर आली. वडिलांच्या मृत्यूची बातमी तिला केनियात कळली. पुढे ६ फेब्रुवारी २०२२ रोजी तिच्या राज्यारोहणाला सत्तर वर्षे पूर्ण झाली. एवढा काळ राज्य करणारी ती ब्रिटनची पहिलीच राज्यकर्ती. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला तिचे निधन झाले.

ब्रिटनच्याच इतिहासात ६ फेब्रुवारी १९१८ चे महत्त्व या राज्यारोहणापेक्षा मोठे मानावे लागेल. त्या दिवशी लोकप्रतिनिधित्वाच्या नव्या कायद्याला राजाची संमती मिळाली आणि तीस वर्षांवरील, मालमत्तेची अट पूर्ण करणाऱ्या सुमारे ८४ लाख स्त्रियांना संसदेसाठी मतदानाचा हक्क मिळाला. पुरुषांना तो एकविसाव्या वर्षीच होता. ही तफावत दूर व्हायला १९२८ साल उजाडावे लागले. या लढ्यात पंजाबचे अखेरचे शीख महाराजा दुलीपसिंग यांची कन्या सोफिया हिरिरीने उतरली होती. भारतात मद्रास आणि मुंबई प्रांतांनी १९२१ साली स्त्रियांना मर्यादित मताधिकार दिला. १९५१-५२ च्या निवडणुकीत मात्र एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुष एकाच अटीवर मतदार झाला. म्हणजे चेपॉकवर तो सामना चालू होता तेव्हा सोफियाच्या पिढीने मागितलेली गोष्ट इथे सुरुवातीपासूनच पूर्ण स्वरूपात अमलात येत होती.

बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड यांचे निधन ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत झाले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव हा मुलगा १८७५ साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला आणि त्याने संस्थानाचा कायापालट केला. सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी १८९३ साली अमरेली भागात सुरू केले आणि १९०६ मध्ये सबंध राज्याला लागू केले. १९१३ साली तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली ती त्यांनीच. १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जपुढे रीतीप्रमाणे तीनदा न झुकता एकदाच मान लववून ते पाठ फिरवून चालू लागले, तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रांनी गहजब केला होता. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली बडोद्यातच भरली. विष्णु नारायण भातखंडे यांनी ती घडवून आणली. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ हे बडोद्याचे दरबारी गायक. क्रिकेटनेही त्या नगरीत असेच मूळ धरले: १९४७ च्या रणजी अंतिम सामन्यात बडोद्याकडून होळकर संघाविरुद्ध विजय हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी रचली. हेच हजारे सयाजीरावांच्या तेराव्या पुण्यतिथीला चेपॉकवर नाणेफेकीसाठी उतरले होते.

फुटबॉलच्या जगात ही तारीख म्हणजे म्युनिक. मँचेस्टर युनायटेडचा संघ युरोपियन कपच्या उपांत्यपूर्व फेरीत बेलग्रेडच्या रेड स्टारशी ३-३ अशी बरोबरी साधून, एकूण ५-४ ने पुढची फेरी गाठून परतत होता. इंधन भरण्यासाठी विमान म्युनिकला उतरले. उड्डाणाचे दोन प्रयत्न सोडून द्यावे लागले. ६ फेब्रुवारी १९५८ च्या दुपारी तीनच्या सुमारास तिसऱ्या प्रयत्नात विमानाने धावपट्टीच्या टोकाकडचा अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल गाठला, वेग घटला, आणि ते कुंपण तोडून घरावर आदळले. विमानातल्या ४४ जणांपैकी २३ जण गेले. त्यांत कर्णधार रॉजर बर्न, टॉमी टेलर यांच्यासह आठ खेळाडू होते, आणि सामन्याचे वार्तांकन करायला गेलेले आठ पत्रकारही. एकवीस वर्षांचा डंकन एडवर्ड्स पंधरा दिवस झुंजला आणि २१ फेब्रुवारीला गेला. गोलरक्षक हॅरी ग्रेग पेटत्या अवशेषांत पुन्हा पुन्हा शिरून माणसे बाहेर काढत राहिला.

अपघातानंतर तेरा दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, एफ. ए. कपमधला शेफील्ड वेन्सडेविरुद्धचा सामना आला. सामन्याच्या छापील पत्रिकेत एका बाजूला पाहुण्या संघाच्या अकरा खेळाडूंची नावे होती. दुसऱ्या बाजूला, युनायटेडच्या नावाखाली, अकरा मोकळ्या जागा. पत्रिका छापायला गेली तेव्हा संघात कोण असेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. मुख्यतः राखीव आणि नव्याने घेतलेल्या खेळाडूंचा तो संघ ३-० ने जिंकला. वैमानिक जेम्स थेन यांच्यावर पंखांवरचे बर्फ न काढल्याचा ठपका आला. तो पुसला जायला त्यांना १९६९ पर्यंत झगडावे लागले. हाही या दुर्घटनेतलाच एक बळी म्हणायचा. मृत्यूच्या दारातून परतलेले प्रशिक्षक मॅट बझ्बी यांनी संघ पुन्हा उभा केला. १९६८ साली युनायटेडने बेनफिकाला ४-१ ने हरवून युरोपियन कप जिंकला तेव्हा म्युनिकमधून वाचलेले बॉबी चार्ल्टन आणि बिल फोक्स मैदानावर होते. ओल्ड ट्रॅफर्डच्या भिंतीवर या तारखेचे घड्याळ आजही आहे.

जमैकाच्या सेंट ॲन परगण्यातील नाइन माइल या खेड्यात ६ फेब्रुवारी १९४५ रोजी बॉब मार्ली जन्मला. रेगे संगीत त्याने जगभर नेले. फुटबॉल त्याच्या रोजच्या जगण्याचा भाग होता. १९७६ च्या डिसेंबरात, निवडणुकीच्या हिंसाचाराने पेटलेल्या किंग्स्टनमध्ये त्याच्या घरात घुसून गोळीबार झाला. जखमी अवस्थेत दोनच दिवसांनी तो मंचावर उभा राहिला. २२ एप्रिल १९७८ रोजी किंग्स्टनच्या नॅशनल स्टेडियममध्ये गाता गाता त्याने पंतप्रधान मायकेल मॅन्ली आणि विरोधी पक्षनेते एडवर्ड सिएगा यांना मंचावर बोलावून दोघांचे हात आपल्या डोक्यावर एकत्र धरले. हिंसा त्याने थांबली नाही, पुढची निवडणूक अधिक रक्तरंजित ठरली. पण ते तीन हात ज्यांनी पाहिले त्यांना विसरता आले नाहीत. १९८० मध्ये झिम्बाब्वेच्या स्वातंत्र्यसोहळ्यातही तो गायला, तेही रुफारो स्टेडियमवर. पायाच्या अंगठ्यातल्या ज्या कर्करोगाने तो ११ मे १९८१ रोजी, छत्तिसाव्या वर्षी गेला, तो फुटबॉलमधल्या दुखापतीनंतर उपचार घेताना लक्षात आला होता.

याच तारखेच्या इतर नोंदी थोडक्यात. १८४० साली न्यूझीलंडमध्ये माओरी प्रमुख आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात वैतांगीचा करार झाला. त्याच्या माओरी आणि इंग्रजी मसुद्यांचे अर्थ जुळत नसल्याने सार्वभौमत्वाचा वाद अजून मिटलेला नाही, तरी हाच त्या देशाचा राष्ट्रीय दिन आहे. १९८९ साली पोलंडमध्ये सरकार आणि ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगार संघटना यांच्यातली गोलमेज बोलणी सुरू झाली. बेसबॉलचा बेब रूथ (१८९५) आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन (१९११) यांचा हा जन्मदिवस. रेगन यांची सुरुवात रेडिओवरच्या क्रीडा समालोचनाने झाली होती. गायक भूपिंदर सिंग हेही १९४० साली याच दिवशी जन्मले.

मोतीलाल नेहरू ६ फेब्रुवारी १९३१ रोजी लखनौला वारले. कवी प्रदीप ६ फेब्रुवारी १९१५ रोजी उज्जैनजवळच्या बडनगरला जन्मले. लता मंगेशकर ६ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत गेल्या. या तीन नोंदींना जोडणारी एक संध्याकाळ आहे: २७ जानेवारी १९६३, दिल्लीचे नॅशनल स्टेडियम, जिथे १९५१ चे पहिले आशियाई खेळ झाले होते. चीनबरोबरच्या युद्धातल्या पराभवाची जखम ताजी होती. प्रदीप यांचे शब्द, पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांचे संगीत आणि लताबाईंचा स्वर: ‘ऐ मेरे वतन के लोगो’ तिथे पहिल्यांदा गायले गेले आणि समोर बसलेले मोतीलालांचे पुत्र, पंतप्रधान जवाहरलाल, यांचे डोळे भरून आले. शब्द लिहिणाऱ्याचा जन्मदिवस हाच पुढे ते गाणारीचा स्मृतिदिन व्हावा, हा योगायोग मनाला चटका लावून जातो.

लताबाई १९९९ ते २००५ राज्यसभेच्या सदस्य होत्या. २००१ साली त्यांना भारतरत्न मिळाले. क्रिकेटचे वेड त्यांना आयुष्यभर होते. १९८३ चा विश्वचषक जिंकून आलेल्या खेळाडूंना देण्यासाठी क्रिकेट मंडळाकडे पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी दिल्लीत विनामूल्य कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. त्या गेल्या त्या दिवशी अहमदाबादेत भारताचा वेस्ट इंडीजविरुद्ध एकदिवसीय सामना होता, भारताचा हजारावा. त्या संख्येला पोहोचलेला हा पहिला देश. भारताने सामना सहा गडी राखून जिंकला. खेळाडूंच्या दंडावर काळ्या फिती होत्या आणि राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरलेला होता.

संध्याकाळी शिवाजी पार्कवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. मुंबईच्या क्रिकेटची कित्येक पिढ्यांची तालीम ज्या मातीत झाली आणि राज्याच्या राजकारणाच्या मोठ्या सभा जिथे गाजल्या, त्याच मैदानावर चिता रचली होती. शेवटचे दर्शन घ्यायला आलेल्यांत पंतप्रधान होते, आणि लहानपणी याच मैदानावर घडलेले सचिन तेंडुलकरही. पुढच्या काही दिवसांत तिथे स्मारक उभारावे अशी मागणी राजकीय नेत्यांकडून झाली आणि मैदान खेळासाठीच राहू द्या म्हणून विरोधही झाला. तेव्हा हृदयनाथ मंगेशकर यांनी स्पष्ट केले की शिवाजी पार्कवर स्मारक व्हावे अशी कुटुंबाची इच्छा नाही आणि त्यावरून राजकारण करू नये.