हस्ताचा पाऊस, घट आणि किल्ला: शरदातल्या सणांनी मुलांना काय शिकवलं

सप्टेंबर संपत आला की सातारा-सांगलीकडच्या प्राथमिक शाळांत एखाद्या दुपारी हादगा होतो. मधोमध पाट, पाटावर हत्तीचं चित्र, भोवती मुलींचा फेर, अलीकडे काही ठिकाणी मुलांचाही, आणि शेवटी डब्यांतली खिरापत. शाळेच्या अहवालात त्याची ‘उपक्रम’ म्हणून नोंद होते. शाळेत यायच्या आधी हादगा अंगणात होता आणि त्याचं वेळापत्रक पावसाच्या हाती होतं.

सूर्य हस्त नक्षत्रात जातो तो २७ सप्टेंबरच्या आसपास, आणि तिथं तो तेरा-चौदा दिवस राहतो. महाबळेश्वर, जावळी, पाटणकडे तोवर पाऊस नकोसा झालेला असतो. घाट ओलांडून पूर्वेला आलं की चित्र उलटं होतं. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या तालुक्यांपर्यंत पोचेतो पावसाळी ढगांचं बरंचसं पाणी सह्याद्रीवरच सांडलेलं असतं. तिथल्या शेतकऱ्याची खरी भिस्त परतीच्या पावसावर. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, पेरणी त्याच ओलीवर होते, आणि शाळू आला तरच वर्षभराची भाकरी आणि जनावरांचा कडबा घरात येतो. हस्ताचा हत्ती पाटावर बसवून त्याच्याभोवती पोरींनी फेर धरायचा, ही प्रथा इथल्या दुष्काळी शिवारात का रुजली असेल हे वेगळं सांगायला नको. पुण्याकडे याच खेळाला भोंडला म्हणतात. खानदेश-विदर्भात भुलाबाई बसते, तिची तऱ्हा जरा निराळी.

जुना हादगा सोळा दिवसांचा. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं करत सोळाव्या दिवशी सोळा. एकूण गाणी किती म्हटली याची बेरीज चौथीच्या वर्गाला घालून बघावी. उत्तर १३६ येतं, आणि ते काढायच्या दोन-तीन वाटा मुलं स्वतःच शोधतात. खिरापत ओळखायचा खेळही असाच. झाकलेला डबा कानाशी हलवायचा, गोड की तिखट विचारायचं, आवाजावरून आणि वासावरून भडंग की वाटली डाळ हे ताडायचं. निरीक्षण आणि अनुमान हे शब्द पुस्तकात भेटण्याआधीच ते काम हातून घडत होतं.

गाण्यांची दुसरी बाजूही मुलांपासून लपवू नये. सासू, सासरा, दीर, नणंद आणि माहेरची ओढ यांनी ही गाणी भरलेली आहेत, कारण ती म्हणणाऱ्या पोरी आठ-दहा वर्षांच्या वयात लग्न होऊन गेलेल्या असत. मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरवणारा शारदा कायदा १९२९ साली झाला, त्याच्या कितीतरी आधीची ही गाणी. कारल्याच्या वेलाच्या गाण्यात सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासू एकेक अट घालते: बी पेर, वेल वाढू दे, फूल येऊ दे, कारली लागू देत, भाजी होऊ दे, मग जा. बियाणापासून ताटापर्यंतचा अख्खा क्रम त्यात आहे आणि एका लहान मुलीची अडवणूकही. मोठ्या वर्गांत दोन्हींवर बोलावं. साताऱ्याच्या मुलींना हे सांगताना नायगावच्या सावित्रीबाईंची आठवण आपोआप निघते. वयाच्या नवव्या वर्षी लग्न झालेली याच जिल्ह्यातली ही मुलगी १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकवू लागली.

हादग्याइतकाच मोलाचा धडा नवरात्रातल्या घटाचा. पत्रावळीत किंवा टोपलीत शेतातली माती पसरायची, गहू, ज्वारी, हरभरा, करडई असं हाताशी असेल ते धान्य तीत पेरायचं आणि मध्ये पाण्याने भरलेला मातीचा घट ठेवायचा. घटातून पाणी झिरपत राहतं, माती ओली राहते. रब्बीची पेरणी ऐन तोंडावर असताना कुठलं बी कसं उगवतंय हे घरातली जाणती माणसं रोज निरखतात. देवघरातल्या अंधुक उजेडात आलेले कोंब उंच, नाजूक, पिवळट असतात. वर्गात असाच एक घट खिडकीशी उन्हात ठेवला तर कोंब बुटके, जाड आणि हिरवे येतात. दोन्ही शेजारी ठेवले की उजेडाचं काम शिक्षकाला फळ्यावर समजवावं लागत नाही. दसऱ्याला हे कोंब टोपीत, वेणीत खोवले जातात.

दसऱ्याचं पाटीपूजन बहुतेकांना आठवत असेल: एक या आकड्यांच्या ओळींतून रेखलेली सरस्वती, तिला हळदकुंकू, आणि त्या दिवशी अभ्यासाला सुट्टी. आपट्याचं मात्र जरा थांबून पाहावं. बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या मोठ्या फांद्या सर्रास विकल्या जातात. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद असतं. मुलांना दोन्ही पानं वहीत ठेवून रेखाटू दिली तर दरवर्षीची ओरबाड थोडी तरी कमी होईल.

हातांनी शिकण्याचा विचार शिक्षणात १९३७ च्या वर्धा परिषदेतून नई तालीम म्हणून पुढे आला. आपल्या भागात त्याची जमीन आधीच तयार होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे तिथल्या वसतिगृहांत शिक्षणाला श्रमाची जोड दिली. शाळेबाहेरच्या जगण्याशी शिक्षण जोडा, असं २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही बजावलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना ठेवले. अडचण येते ती वेळेची. प्रथम सत्राची परीक्षा नेमकी या सणांच्या आगेमागे येते, म्हणून सोळा दिवसांचा हादगा एका दुपारीत उरकतो आणि घट ‘घरी करून फोटो आणा’ एवढ्यावर भागतो. मला हे मनापासून खटकतं. एकाच दुपारी फेर धरून मुलांना रोज वाढत जाणारी गाणी कळणार नाहीत, आणि उगवणं फोटोत दिसणार नाही. रोजची दहा मिनिटं दिली तरी दोन्ही साधतं.

दिवाळीचा किल्ला मात्र सुट्टीत येतो, म्हणून तो अजून मुलांच्या ताब्यात आहे. विटा-दगड रचायचे, चिखलात बुडवलेलं पोतं त्यावर टाकायचं, चाळलेली माती थापायची आणि वर अळीव पेरायचे. मोहरी उतारावरून घरंगळते, अळीव भिजला की बुळबुळीत होऊन मातीला चिकटतो, म्हणून बुरुजाखालची कडेसुद्धा हिरवी होते. बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले मिळतात. ते आणू नयेत असंच मी प्रत्येक पालकाला सांगेन. साताऱ्यातल्या मुलांना तर नमुना मान वर केली की दिसतो. १६९९-१७०० च्या वेढ्यात औरंगजेबाच्या सैन्याने अजिंक्यताऱ्याचा तट सुरुंगाने उडवला आणि तो त्यांच्याच माणसांवर कोसळला. हे सांगून मुलांना तट रचायला बसवलं की तट कुठे जाड हवा, दरवाजा आडवळणाने का असतो, पाण्याची टाकी कुठे खोदायची हे प्रश्न तीच विचारू लागतात.