लसीकरणाच्या टक्केवारीतला छेद

२०२२च्या नोव्हेंबरमध्ये गोवंडी, मालेगाव आणि भिवंडीत गोवराची साथ पसरली, मुलं दगावली. गोवराची लस १९८५पासून देशाच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आहे आणि सरकारी केंद्रात मोफत मिळते. मग लस न मिळालेली इतकी मुलं आधीच कुणाच्या नजरेत का आली नाहीत? त्यासाठी लसीकरण मोजायची पद्धत कशी घडत गेली, ते बघावं लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेने १९७४ साली विस्तारित लसीकरण कार्यक्रम सुरू केला, भारताने १९७८ साली. हिशेब साधा होता: दिलेले डोस भागिले लशीला पात्र मुलं. वरचा आकडा, म्हणजे अंश, नर्सताईंच्या रजिस्टरमधून यायचा. छेद मात्र अंदाजाचा: जनगणनेची लोकसंख्या, तिला जन्मदराचा गुणाकार. आजही मूळ पद्धत तीच आहे. २०११च्या जनगणनेत ठाणे जिल्हा १ कोटी १० लाख वस्तीचा, देशात सर्वांत मोठा होता. २०१४मध्ये त्यातून पालघर वेगळा झाला. पुढे घोडबंदर, दिवा, घणसोली फुगत गेले आणि २०२१ची जनगणना झालीच नाही. अशा छेदावर काढलेली टक्केवारी कधी शंभराच्याही वर जाते.

त्यात आपल्याकडची बाळंतपणं. घणसोलीत राहणारी सून पहिल्या वेळेला माहेरी जालन्याला जाते. क्षयरोगाची बीसीजी तिकडे टोचली जाते, पाच रोगांवरच्या एकत्रित पेंटाव्हॅलंट लशीचे डोस इकडे, आणि मधला एखादा वाशीच्या खासगी दवाखान्यात, ज्याची नोंद पालिकेपर्यंत पोचेलच असं नाही. एकच मूल, तीन वह्या.

अंदाजाला पर्याय म्हणून सर्वेक्षण आलं. देवीच्या निर्मूलनाच्या काळात पश्चिम आफ्रिकेत वापरलेल्या नमुना पद्धतीवरून राल्फ हेंडरसन आणि टी. सुंदरेसन यांनी १९८२मध्ये मांडलेली ‘तीस गुणिले सात’ ही पद्धत जगभर गेली. तिचं गणित मला फार आवडतं. उत्तर दहा टक्क्यांनी इकडेतिकडे चालणार असेल, तर सुमारे ९६ मुलं पुरतात. पण एकाच वस्तीतली मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून दुप्पट करायची: १९२. ती तीस वस्त्यांत वाटली की प्रत्येकी साडेसहाच्या आत, म्हणून सात. एकूण २१० मुलं, वय १२ ते २३ महिने. संगणक नसलेल्या जिल्ह्यालाही हे जमत असे.

घर निवडायची रीतही तशीच. वस्तीच्या मध्यावर उभं राहायचं, बाटली फिरवून दिशा ठरवायची, त्या दिशेची घरं टोकापर्यंत मोजायची, नोटेवरच्या आकड्यावरून पहिलं घर निवडायचं, मग शेजारशेजारची घरं घेत सात मुलं पुरी करायची. कुलूप दिसलं की पुढचं दार. तुर्भ्यात हे करून पाहा: मध्य म्हणजे नाका, दवाखाना, पक्की चाळ. दगडखाणीच्या कडेची झोपडी, जिथे दिवसा आईबाप दोघंही कामावर असतात, ती या रीतीत सहज सुटते. २०१८च्या नव्या मार्गदर्शिकेत जागतिक आरोग्य संघटनेने ही सोय काढली. घरांची यादी आधी करायची, निवडलेलं घर बंद असेल तर पुन्हा जायचं.

दरम्यान आकड्यांना पैसा चिकटला होता. १९९०पर्यंत जगातल्या ८० टक्के मुलांना लस, हे युनिसेफचे जेम्स ग्रँट यांचं ध्येय होतं आणि ते गाठल्याचं जाहीरही झालं. २०००मध्ये स्थापन झालेली, गरीब देशांना लशींसाठी मदत करणारी ‘गावी’ ही आंतरराष्ट्रीय संस्था जादा लसीकरण झालेल्या प्रत्येक मुलामागे देशाला २० डॉलर देऊ लागली. २००८मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासाने सरकारी अहवाल आणि सर्वेक्षणं शेजारी ठेवली. अहवालांप्रमाणे जादा मुलं १ कोटी ३९ लाख, सर्वेक्षणांप्रमाणे ७४ लाख. बक्षीस आकड्यावर ठेवलं की आकडा वाढतो, आणि त्याचा दोष मी गावातल्या नर्सताईंवर ढकलणार नाही.

भारतात यावर मोठा उतारा म्हणजे १९९२-९३पासूनचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. ते करणारी लोकसंख्याविज्ञान संस्था देवनारला, गोवंडी स्टेशनच्या जवळच आहे. महाराष्ट्राचे आकडे डोळे उघडणारे आहेत: पूर्ण लसीकरण १९९८-९९मध्ये ७८ टक्के, २००५-०६मध्ये ५९, २०१५-१६मध्ये ५६, आणि २०१९-२१मध्ये सुमारे ७४. प्रगत म्हणवणारं राज्य सतरा वर्षं घसरत राहिलं.

या सर्वेक्षणाचीही एक दुखरी जागा आहे. आधी माता-बाल संरक्षण कार्ड मागतात. भाड्याची खोली बदलताना ते हरवलं असेल, तर आईच्या आठवणीवर भिस्त: मांडीत सुई किती वेळा दिली, तोंडात थेंब घातले का. डाव्या दंडावर बीसीजीचा वण असतो, पण पेंटाच्या तिसऱ्या डोसची खूण अंगावर राहत नाही.

पोलिओ मोहिमेने मात्र वेगळी मोजणी शिकवली. खडूने दारावर ‘पी’ किंवा ‘एक्स’. ‘पी’ म्हणजे घरातलं काम झालं, ‘एक्स’ म्हणजे मूल सुटलं किंवा घर बंद, परत यायचं. इथे अंदाजाने काढलेला छेद लागतच नाही, दार मोजलं जातं. आता जगभर भर आहे तो ‘झीरो डोस’ मुलांवर, पेंटाचा पहिला डोसही न मिळालेल्या. भारतात यू-विन या सरकारच्या ऑनलाइन लसनोंदणीवर नोंद झाली की मूल कुठेही गेलं तरी पुढचा डोस त्याच खात्यात पडतो. पण आधी नोंद व्हायला हवी. भिवंडी-शहापूरकडच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर येतात आणि पावसाआधी परततात. डोकेमोजणी त्याच महिन्यांत, भट्टीवर जाऊन झाली, तरच त्यांची मुलं छेदात येतील.