चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला

सिलिकॉनचं सोलर पॅनेल घडतं ते भट्टीत. गारगोटीतल्या सिलिकॉनला चिकटलेला ऑक्सिजन हटवायला सुमारे २००० अंश सेल्सिअसची आच लागते. त्यानंतर शुद्धीकरण, मग १४१४ अंशांना वितळवून ओढलेला स्फटिकाचा ठोकळा आणि शेवटी त्याच्या पातळ चकत्या. कापताना भुसा वाया जातो तो वेगळाच.

पेरोव्हस्काइट या प्रकाशापासून वीज बनवणाऱ्या दुसऱ्या स्फटिकी पदार्थाला हे सोपस्कार लागत नाहीत. शिसं, आयोडीन वगैरेंचे क्षार विरघळवून शाई करायची, काचेवर पसरायची आणि शंभर-दीडशे अंशांवर तापवायची. केसाच्या शंभराव्या भागाहून पातळ थर तयार! २००९ मध्ये जपानच्या त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने केलेल्या अशा पहिल्या सौर सेलची कार्यक्षमता, म्हणजे पडलेल्या प्रकाशातल्या ऊर्जेपैकी वीज होणारा वाटा, ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेत ती २६ टक्क्यांच्या पुढे गेली आहे.

कोंबडी स्वस्त आहे, महाग आहे तो मसाला. प्रकाश पडल्यावर सुटलेला इलेक्ट्रॉन एका बाजूने काढायचा आणि त्याची रिकामी जागा, म्हणजे 'पोकळी', दुसऱ्या बाजूने. पोकळ्या वाहून नेणारं स्पायरो-ओमेटॅड हे रसायन बनवायला इतकं किचकट, की प्रयोगशाळांना ते कित्येक वर्षं सोन्यापेक्षा महाग पडायचं. त्यावर पुन्हा खऱ्या सोन्याचा मुलामा! शिवाय थर सारखा बसावा म्हणून काच गरगर फिरवतात, त्यात बहुतेक शाई उडून जाते. नखाएवढ्या सेलला हे चालतं, दाराएवढ्या पॅनेलला नाही.

मला सर्वांत आवडलेली युक्ती चीनमधल्या वुहानची. होंगवेई हान यांच्या गटाने २०१४ मध्ये स्पायरो आणि सोनं दोन्ही वगळून वर सच्छिद्र कार्बनचा थर छापला, टी-शर्टवर चित्र छापतात तसा, आणि शाई त्यातूनच खाली झिरपू दिली. कार्यक्षमता १२.८ टक्केच मिळाली, पण सेल हजार तासांहून अधिक टिकला. शाईची नासाडी टाळायला आता फिरवण्याऐवजी अरुंद फटीतून ती सरकत्या काचेवर सोडतात.

उरतो टिकाऊपणा. सिलिकॉनला २५ वर्षांची हमी मिळते. पेरोव्हस्काइटला ओल आणि उष्णता सोसत नाही. अर्ध्या किमतीचं पॅनेल दहा वर्षांत बदलावं लागलं, तर वीज महागच पडणार, छपरावर चढणाऱ्याची मजुरी तर दोनदा.

म्हणूनच की काय, ऑक्सफर्ड पीव्ही कंपनीने २०२४ मध्ये बाजारात धाडलेल्या पॅनेलांत पेरोव्हस्काइट सिलिकॉनच्या पाठीवर बसवलेलं आहे. भट्टी अजून सुटलेली नाही.