सर्दी (पडसे)

नाक व घसा यांच्या श्लेष्मकलेचा (आतील ओलसर अस्तराचा) विषाणुजन्य, तीव्र पण आपोआप बरा होणारा दाह. लक्षणे सर्वपरिचित आहेत. कारणीभूत विषाणू 200 हून अधिक असून त्यांत सर्वांत मोठा वाटा ऱ्हायनोव्हायरसांचा आहे. हा विषाणू सु. 30 नॅनोमीटर व्यासाचा असून त्याला मेदावरण (मेदाचे बाह्य आवरण) नसते. तो 33–35° से. तापमानात जोमाने वाढतो व आम्लात नष्ट होतो. म्हणून नाकात रुजतो, पण गिळला गेल्यास जठरात टिकत नाही. त्याचे 160 हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. एकाविरुद्ध आलेली प्रतिकारक्षमता दुसऱ्याला क्वचितच अडवते, त्यामुळे सर्दी पुन्हा पुन्हा होते.

जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ वाल्टर क्रूझे यांनी 1914 मध्ये सर्दी झालेल्या सहकाऱ्याचा नासास्राव पातळ करून, जीवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळून 12 जणांच्या नाकांत घातला. 4 जणांना सर्दी झाली; म्हणजे कारण जीवाणूंहून सूक्ष्म होते. ऱ्हायनोव्हायरस प्रत्यक्ष हाती यायला मात्र 1950 नंतरचे दशक उजाडावे लागले.

प्रसार हाताने की हवेतून, हा जुना वाद आहे. 1978 मधील प्रयोगात दूषित हाताला हात लावून स्वतःच्या नाकाडोळ्यांना बोट लावणाऱ्या 15 पैकी 11 जणांना संसर्ग झाला. शिंतोड्यांच्या मोठ्या कणांनी 12 पैकी एकालाच, तर सूक्ष्म कणांनी 10 पैकी कोणालाही झाला नाही. (डोळ्यातला विषाणू अश्रुनलिकेतून नाकात उतरतो.) उलट 1987 मध्ये रुग्णांबरोबर तासन्‌तास पत्ते खेळणाऱ्या निरोगी व्यक्तींपैकी चेहऱ्याला हात लावता येऊ नये अशी सोय केलेल्या 18 पैकी 10 जणांना, तर हात मोकळे असलेल्या 18 पैकी 12 जणांना संसर्ग झाला. स्रावाने बरबटलेले तेच पत्ते दुसऱ्या खोलीत 12 जणांनी हाताळून चेहऱ्याला हात लावले, तरी एकालाही झाला नाही. बंद खोलीतील दीर्घ सहवासात हवेचा मार्ग कमी लेखता येत नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ओल्या, ताज्या स्रावाच्या बाबतीत हातही तितकाच धोक्याचा. अल्कोहोल मुख्यतः मेदावरणावर घाला घालते; ते नसल्याने हाताला चोळायच्या अल्कोहोलयुक्त द्रवाचा ऱ्हायनोव्हायरसावर परिणाम कमी होतो. हात साबणाने चोळून वाहत्या पाण्याखाली किमान 20 सेकंद धुणे इष्ट, कारण तेथे विषाणू मरण्यापेक्षा धुऊन जाणे महत्त्वाचे असते.

गारठ्याने सर्दी होते का, याविषयी निष्कर्ष परस्परविरोधी आहेत. 2005 मध्ये 20 मिनिटे थंड पाण्यात पाय बुडवलेल्या 90 पैकी 13 जणांना, तर न बुडवलेल्या 90 पैकी 5 जणांना पुढील 4–5 दिवसांत लक्षणे जाणवली. परंतु विषाणूची तपासणी झाली नव्हती. विषाणूवाचून नुसता गारठा सर्दी निर्माण करीत नाही.

शेंबूड पिवळा-हिरवा होतो तो पांढऱ्या पेशींतील एंझाइमामुळे. केवळ या रंगावरून प्रतिजैविके (जीवाणूंवरील औषधे) देऊ नयेत. विषाणूंवर ती चालत नाहीत.