विटेनबर्गचं औषधालय आणि त्याचा चित्रकार मालक

जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये बाजारचौकाला लागून, श्लोसश्ट्रासे 1 या पत्त्यावर, क्रानाखचं औषधालय आहे. लुकास क्रानाख थोरला हा सॅक्सनीचा निर्वाचक (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला संस्थानिक) फ्रेडरिक याचा दरबारी चित्रकार. 1505 मध्ये तो या गावात आला. औषधं बनवण्याचं शिक्षण त्याने घेतलेलं नव्हतं. तरीही डिसेंबर 1520 मध्ये फ्रेडरिकने गावात औषधं विकण्याचा हक्क त्याला एकट्याला दिला. त्याच महिन्याच्या 10 तारखेला गावाच्या वेशीबाहेर धर्मसुधारक मार्टिन लुथरने पोपचं फर्मान जाळलं, त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत क्रानाखच्या सनदेचा हा कागद मागे पडला. गावाच्या रोजच्या जगण्यासाठी मात्र तोही तितकाच मोलाचा होता.

सनदेत औषधांबरोबर मसाले आणि गोड दारूही होती. त्या काळी जर्मन औषधालयात हे सगळं एकाच फळीवर असे. साखर हे औषधच मानलं जाई, अवलेह आणि पाक तिच्यावरच बनत. मिरी मलबारहून यायची. 1498 मध्ये पोर्तुगीज कालिकतला पोहोचल्यावर ती लिस्बनमार्गेही युरोपात येऊ लागली होती. एवढ्या मालाची मक्तेदारी हातात आली म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. क्रानाख गावातल्या सर्वांत श्रीमंत नागरिकांपैकी एक झाला आणि पुढे नगराध्यक्षही.

पण पैशाइतकंच आणखी एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. चित्रकाराचे रंग तेव्हा औषधालयातच मिळत. शेंदूर मलमातही पडे आणि चित्रातही. सफेदा (शिशाचा पांढरा रंग), जंगाल (तांब्याचा हिरवा रंग) यांचंही तेच. खल तोच, तागडी तीच, जवसाचं तेलही तेच. ज्याच्या चित्रशाळेत हाताखाली माणसं राबत होती आणि मागणी संपत नव्हती, त्याच्या दृष्टीने रंगाचा पुरवठा घरातच असणं ही मोठी सोय होती. क्रानाखच्या चित्रांकडे पाहताना या दुकानाची आठवण ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. दुकानाचं रोजचं काम तो जाणकार माणसांकडून करून घेई. पुढे ते त्याचा जावई कास्पार फ्रॉइंड याच्याकडे गेलं, आणि तो खरोखरच औषधं बनवणारा होता.

क्रानाखच्या घरात छापखानाही चालला. लुथरने केलेलं बायबलच्या नव्या कराराचं जर्मन भाषांतर सप्टेंबर 1522 मध्ये निघालं, तेव्हा सोनार क्रिस्टियान ड्योरिंगच्या भागीदारीत खर्च क्रानाखने उचलला आणि त्यातली लाकडी ठशांची चित्रंही त्याच्याच चित्रशाळेची. मठातून पळून आलेली काथारिना फॉन बोरा काही काळ क्रानाख कुटुंबाच्या आश्रयाला होती. 1525 मध्ये तिचं लुथरशी लग्न लागलं, तेव्हा क्रानाख साक्षीला होता.

1550 मध्ये, कैदेत पडलेल्या आपल्या तेव्हाच्या धन्यामागे, म्हणजे फ्रेडरिकचा पुतण्या योहान फ्रेडरिक याच्यामागे, क्रानाखने गाव सोडलं. 1553 मध्ये वायमारला तो वारला.

औषधालयासाठी सरकारी परवानगी लागण्याची रीत जर्मनीत फार चिवट ठरली. गावात आधीच पुरेशी दुकानं आहेत म्हणून नवीन औषधालयाला नकार देणारा बव्हेरियाचा कायदा पश्चिम जर्मनीच्या घटना न्यायालयाने 11 जून 1958 रोजी रद्द केला, तेव्हा कुठे औषधालय काढण्याचं स्वातंत्र्य खऱ्या अर्थाने मिळालं. विटेनबर्ग तेव्हा पूर्व जर्मनीत होतं, त्यामुळे या निकालाचा त्याला उपयोग नव्हता.

इमारतीचं नशीब वेगळंच. 1871 च्या आगीत तिचं मोठं नुकसान झालं, पूर्व जर्मनीच्या काळात डागडुजीअभावी ती खिळखिळी झाली. जर्मनी एक झाल्यावर, 1990 नंतरच्या वर्षांत, गावकऱ्यांनी आणि संस्थांनी हा वाडा पाडण्याऐवजी पुन्हा उभा केला. आज मागच्या चौकात मुलांना चित्रकला शिकवणारी शाळा आहे, अक्षरांचे खिळे जुळवून छापणारा जुन्या पद्धतीचा छापखाना आहे, आणि पुढच्या बाजूला औषधांचं दुकान.