सॉफ्टवेअर वाद्य

सॉफ्टवेअर वाद्य : संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन (मुख्य सॉफ्टवेअरला जोडला जाणारा छोटा प्रोग्रॅम) म्हणून उघडले जाणारे आणि संगणकातच ध्वनी निर्माण करणारे वाद्य. रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा) किंवा कंप्रेसर (आवाजातला चढ-उतार आवरणारा) हेही प्लगइनच, पण त्यांना आधी कुणाचा तरी आवाज द्यावा लागतो. वाद्याला मिळते ती केवळ सूचना : कोणता स्वर, किती जोरात, कधी सोडला. ही सूचना १९८३ साली आलेल्या मिडी पद्धतीने जाते आणि आघाताचा जोर त्यात ० ते १२७ या आकड्यांत मोजला जातो.

जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९६ मध्ये आपल्या क्यूबेस या संगीतनिर्मितीच्या सॉफ्टवेअरबरोबर व्हीएसटी हा प्लगइनचा साचा आणला, तेव्हा त्यात फक्त रिव्हर्बसारखे इफेक्ट होते. १९९९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून प्लगइनला मिडी घेता येऊ लागली आणि वाद्ये संगणकात शिरली. पण प्रत्येक सॉफ्टवेअरला हाच साचा चालतो असे नाही : ॲपलचे लॉजिक ऑडिओ युनिट्स हा साचा मागते, प्रो टूल्सला एएएक्स लागतो. एफएल स्टुडिओ, क्यूबेस आणि रीपरमध्ये व्हीएसटी चालते. विकत घेण्यापूर्वी एवढे पाहिले तरी पुष्कळ मनस्ताप वाचतो.

आवाज घडवण्याचे मार्ग मुख्यतः दोन. एकात खऱ्या वाद्याचे सुटे स्वर ध्वनिमुद्रित करून ठेवलेले असतात आणि कळ दाबली की ते वाजतात. अशा मुद्रित स्वराला सॅम्पल आणि तो वाजवणाऱ्या वाद्याला सॅम्पलर म्हणतात; कोन्टॅक्ट हा फार वापरला जाणारा सॅम्पलर. दुसऱ्यात ध्वनी गणिताने जागच्या जागी तयार होतो. सिंथेसायझर तर तसे असतातच, पण पियानोटेकसारखा पियानोही तारा आणि हातोड्यांच्या गणितावरच चालतो, त्यामुळे तो डिस्कवर फारच थोडी जागा घेतो.

नाशिकमध्ये या वाद्यांचे महत्त्व उघड आहे. भावगीताला व्हायोलिनचा ताफा हवा असेल, तर तो मुंबईहून आणण्याचा खर्च घरच्या खोलीत काम करणाऱ्या संगीतकाराला झेपत नाही. सप्तशृंगीची भक्तिगीते, अहिराणी गाणी, हळदीची गाणी अशा कामांत स्ट्रिंग्ज, बासरी, बेस सगळे एकाच लॅपटॉपमधून येऊ शकते. हार्मोनियम तर सहज जमते, कारण तिचे स्वर मुळातच पट्टीला बांधलेले. सतार, सारंगी, शहनाई मात्र अडतात. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे, घ्यायची तर कीबोर्डवरचे पिच-बेंडचे चाक फिरवावे लागते. बहुतेक ठिकाणी ते सुरुवातीला दोनच अर्धस्वर वर-खाली जाते, म्हणून त्याची कक्षा प्लगइनमध्ये वाढवावी लागते. गायक द. वि. पलुसकरांच्या या जन्मगावी, नाशकात, भजन ऐकून तयार झालेला कान अशी नुसती चाकावर ओढलेली मींड लगेच ओळखतो.

खरी परीक्षा ढोल-ताशाची. ‘नाशिक ढोल’ या नावाने तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवता येणारे मुद्रित तुकडे, ढिगाने मिळतात आणि मिरवणुकीच्या गाण्यांत सर्रास वापरले जातात. लूपची लय कमी-जास्त करता येते, पण त्यातले वाजवणे बदलत नाही. तोच लूप दुसऱ्या कुणाच्या गाण्यात असला, तर यूट्यूबवर हक्काचा दावाही येऊ शकतो. सुट्या आघातांपासून ठेका बांधला तर वेगळी अडचण : ताशाची तर्री, म्हणजे सलग जलद आघात, एकाच सॅम्पलवर वाजवली की बंदुकीच्या फैरीसारखी येते. म्हणून प्रत्येक आघाताची चार-सहा रूपे ठेवून ती आळीपाळीने वाजवण्याची सोय, म्हणजे राउंड रॉबिन, असलेले वाद्य निवडावे. शिवाय पथकात एकच ढोल नसतो. एक ढोल वीस ट्रॅकवर उतरवला म्हणून पथक होत नाही. प्रत्येक वादकाचा आघात काही मिलिसेकंद मागे-पुढे पडतो, टिपरूचा (काठीचा) आणि थापीचा (हाताचा) जोर बदलतो, आणि तो भरीव घुमारा त्यातूनच येतो.

यावर चांगला उपाय म्हणजे ओळखीच्या पथकाचे ढोल, ताशे, जमल्यास गोंधळ्याचे संबळही स्वतः ध्वनिमुद्रित करून सॅम्पलरमध्ये बसवणे. हलका, मध्यम आणि जोराचा असे आघात वेगवेगळे घ्यावे, ढोलाची दोन्ही पाने स्वतंत्र घ्यावी, आणि एखादा माइक लांबही ठेवावा. ही मेहनत कंटाळवाणी आहे, पण विकतच्या संग्रहात न मिळणारी गोष्ट तिच्यातूनच हाती येते. वादकांना मानधन आणि वापराची लेखी कल्पना देणे हाही त्या कामाचाच भाग.

वाजवताना कळ दाबल्यावर आवाज उशिरा आला, तर दोष बहुधा बफरचा, म्हणजे संगणक एका वेळी साठवून पुढे पाठवतो त्या ध्वनीच्या तुकड्याचा, असतो. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या वेगाने १२८ नमुन्यांचा बफर सुमारे २.९ मिलिसेकंद घेतो, तर १,०२४ चा सुमारे २३. एवढ्या विलंबाने तबल्याचा बोल हाताखालून निसटतो. त्यामुळे वाजवताना बफर लहान आणि मिक्स करताना मोठा ठेवतात. विंडोजवर यासाठी ऑडिओ इंटरफेसचा (संगणकाला ध्वनी जोडणाऱ्या उपकरणाचा) स्वतःचा आसिओ ड्रायव्हर, म्हणजे कमी विलंबाने ध्वनी पोहोचवणारा प्रोग्रॅम, वापरावा. लॅपटॉप धापा टाकू लागला, तर जड ट्रॅक फ्रीझ करतात, म्हणजे प्लगइन बाजूला ठेवून त्याचा तयार ध्वनीच वाजवतात.

गाणे मिक्ससाठी (सगळे ट्रॅक एकत्र जुळवण्यासाठी) मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत पाठवायचे असेल, तर प्रकल्पाची फाइल पुरत नाही. समोरच्याकडे तेच प्लगइन नसले, तर ट्रॅक मुका उघडतो. अशा वेळी प्रत्येक वाद्य २४-बिट वेव्ह फाइलमध्ये, गाण्याच्या अगदी सुरुवातीच्या बिंदूपासून, बाउन्स करून, म्हणजे तयार ध्वनी म्हणून उतरवून, द्यावे. बदल सुचवले जाण्याची शक्यता असल्यास सोबत मिडी फाइलही द्यावी.